रेणूतील एकट्या इलेक्ट्रॉनपासून क्यूबिटपर्यंत: गोव्यातील नवशिक्यांसाठी पहिल्या प्रयोगाची वाट

वर्तमानपत्राच्या रंगीत पानावर जो निळा रंग दिसतो, तो बहुतेक वेळा कॉपर थॅलोसायनिन या रेणूचा असतो. मधोमध तांब्याचा एक आयन, त्याला चारी बाजूंनी धरून बसलेले नायट्रोजनचे चार अणू आणि त्यांच्याभोवती कार्बनच्या कड्यांची सपाट नक्षी, अशी त्याची रचना असते. त्या तांब्याच्या आयनावरचा एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहिलेला असतो. लंडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की या रेणूच्या पातळ थरात, ५ केल्विन तापमानाला, त्या एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन आपली क्वांटम स्थिती सुमारे २.६ मायक्रोसेकंद टिकवून धरतो. शाईसाठी टनावारी तयार होणारे हे रंगद्रव्य क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक, म्हणून वापरता येण्याजोगे आहे, हे प्रथम वाचले तेव्हा मी ते पान वर्गात नेऊन विद्यार्थ्यांना दाखवले होते.

हा लेख बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात किंवा एमएस्सीत असलेल्या वाचकासाठी आहे, आणि त्यातही रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी. क्वांटम हा शब्द कानी पडला की आपल्याकडचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी ते भौतिकशास्त्राचे काम समजून बाजूला होतात, आणि मला याचे फार वाईट वाटते. अतिवाहक परिपथांचे क्यूबिट बनवायला अतिशय महागडी यंत्रणा लागते. रेणूचा क्यूबिट मात्र चंचुपात्रात तयार होतो, आणि त्यातील कोणता अणू काढून कोणता बसवावा हे ठरवणारा माणूस रसायनशास्त्रज्ञच असतो. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली आणि तिच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र आयआयटी मुंबईकडे, तर पदार्थ व उपकरणांचे आयआयटी दिल्लीकडे आले. या क्षेत्रात पुढे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्याने ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, बसूनही पहिले पाऊल कसे टाकावे, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी स्पिन समजून घ्यावा

इलेक्ट्रॉनला विद्युत्भाराप्रमाणेच स्पिन हा अंगभूत गुण असतो आणि त्यामुळे तो एका अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. १९२२ साली स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा तो पसरट पट्टा न होता दोन भागांत फुटला. मोजताना दोनच उत्तरे मिळतात, मधले काही मिळत नाही. मोजण्यापूर्वी मात्र स्पिन या दोन्ही स्थितींच्या कोणत्याही प्रमाणातील अध्यारोपणात असू शकतो, आणि त्या दोन स्थितींमध्ये एक ठरावीक कलासंबंध, म्हणजे फेजचा संबंध, असतो. क्यूबिट म्हणजे हेच. पुढील सगळी धडपड तो कलासंबंध टिकवण्यासाठी आहे, हे सुरुवातीलाच मनावर ठसवून घ्यावे.

चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर या दोन स्थितींच्या ऊर्जेत फरक पडतो. मुक्त इलेक्ट्रॉनसाठी तो फरक दर टेस्लामागे सुमारे २८ गिगाहर्ट्झ इतका असतो, म्हणून ०.३४ टेस्लाच्या क्षेत्रात सुमारे ९.५ गिगाहर्ट्झची सूक्ष्मलहर स्पिनला एका स्थितीतून दुसरीत नेऊ शकते. इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे ईपीआर, या तंत्राचा पाया हाच आहे आणि १९४४ साली कझान येथे झव्हॉयस्की यांनी त्याचा शोध लावला. आपल्या देशातील काही प्रयोगशाळांत याच तंत्राला ईएसआर, म्हणजे इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणतात. यंत्र शोधताना दोन्ही नावांनी शोधावे.

थंडावा कशासाठी लागतो, हेही एकदा आकड्यांनी पाहावे. ९.५ गिगाहर्ट्झची ऊर्जा तापमानाच्या भाषेत अर्धा केल्विनही भरत नाही. त्यामुळे ३०० केल्विनला खालच्या आणि वरच्या स्थितीतील स्पिनांच्या संख्येत हजारात एकापेक्षाही कमी फरक असतो, ४.२ केल्विनला, म्हणजे द्रव हीलियमच्या तापमानाला, तो शेकडा पाचांच्या आसपास जातो. हे गणित कागदावर स्वतः करून पाहावे, त्याला कॅल्क्युलेटर आणि दहा मिनिटे पुरतात.

गणिताची तयारी म्हणून दोन-बाय-दोनच्या पाउली सारण्या (स्पिनचे गणित मांडणारे मॅट्रिक्स) हाताने गुणता आल्या पाहिजेत. त्यानंतर पायथॉनमधील क्यूटिप हे विनामूल्य साधन संगणकावर घेऊन एका स्पिनवर सूक्ष्मलहरीचा स्पंद सोडण्याचे अनुकरण करावे. त्यापलीकडचे गणित काम करता करता येते. ते पूर्ण होईपर्यंत प्रयोग थांबवून ठेवू नये.

टी१ आणि टी२ यांची गल्लत करू नये

नवशिक्या माणसाची सर्वांत मोठी चूक येथे होते, म्हणून येथे थोडे थांबतो. टी१ म्हणजे वरच्या स्थितीत नेलेल्या स्पिनांना आपली ऊर्जा भोवतालच्या कंपनांना देऊन मूळ समतोलावर यायला लागणारा काळ. टी२ म्हणजे दोन स्थितींमधील कलासंबंध टिकण्याचा काळ. टी२ हा टी१च्या दुपटीपेक्षा मोठा कधीच असू शकत नाही, पण तो कितीही लहान असू शकतो. वर सांगितलेल्या निळ्या रेणूत ५ केल्विनला टी१ होता ५९ मिलिसेकंद आणि टी२ केवळ २.६ मायक्रोसेकंद, दोहोंत वीस हजारपटीहून अधिक अंतर. क्यूबिटची लायकी टी२ ठरवतो. तापमान वाढत जाते तसतसा टी१ झपाट्याने घसरतो आणि शेवटी टी२लाही आपल्याबरोबर खाली ओढतो, म्हणून दोन्ही मोजावे लागतात.

टी२ मोजण्याची युक्ती अर्विन हान यांनी १९५० साली शोधली. ती अशी समजून घ्यावी. मंगेशीच्या देवळाकडून म्हार्दोळच्या दिशेने पन्नास माणसे एकाच क्षणी चालू लागली आहेत. प्रत्येकाची चाल वेगळी, त्यामुळे थोड्याच वेळात घोळका रस्ताभर पांगतो. दहा मिनिटांनी शिटी वाजते आणि प्रत्येक जण जिथे असेल तिथून मागे वळतो. जो भराभर चालून पुढे गेला होता त्याला परतीचे अंतर जास्त, जो रेंगाळला त्याला कमी. आणखी दहा मिनिटांनी सगळे पुन्हा देवळासमोर एकाच वेळी हजर. हाच हान प्रतिध्वनी. पहिला स्पंद स्पिनांना चालते करतो, दुसरा स्पंद ही शिटी असते, आणि सगळे स्पिन पुन्हा एका ओळीत आले की यंत्रात संकेत उमटतो. पण वाटेत एखाद्याला ओळखीचे कुणी भेटले आणि त्याची चाल मध्येच बदलली, तर तो वेळेवर परतत नाही. शिटी जितकी उशिरा वाजवावी, तितके असे चुकलेले लोक वाढतात आणि संकेत क्षीण होत जातो. संकेत ज्या काळात क्षीण होतो, तो काळ म्हणजे टी२. काटेकोरपणे बोलायचे तर प्रतिध्वनीतून मिळणाऱ्या या काळाला कलास्मृती-काल म्हणतात, परंतु सुरुवातीला हा भेद बाजूला ठेवला तरी चालेल.

नेहमीच्या यंत्रात हे स्पंद दहा ते तीस नॅनोसेकंदांचे असतात. म्हणजे टी२ एक मायक्रोसेकंद असेल, तर कलासंबंध विस्कटण्यापूर्वी स्पिनवर पन्नासएक क्रिया करता येतील. रेणूची तुलना याच गुणोत्तराने करावी.

रेणू कसा निवडावा

वाटेत भेटणारे ते ओळखीचे लोक म्हणजे बहुतांशी शेजारच्या अणुकेंद्रकांचे स्पिन. हायड्रोजनच्या केंद्रकाला स्पिन असतो आणि त्याची चुंबकीय ताकदही मोठी असते. कार्बन-१२, ऑक्सिजन-१६ आणि गंधक-३२ यांच्या केंद्रकांना स्पिन नसतो. यावरून रसायनशास्त्रज्ञाला लगेच उपाय सुचतो: लिगंडमधून, म्हणजे धातूच्या अणूला धरून बसलेल्या रेणूमधून, हायड्रोजन काढून टाकावा. २०१५ साली अमेरिकेत नेमके हेच केले गेले. व्हॅनेडियमभोवती केवळ कार्बन आणि गंधक असलेले लिगंड बसवले, विद्रावक म्हणून कार्बन डायसल्फाइड घेतले, आणि १० केल्विनला टी२ सुमारे ०.७ मिलिसेकंदांवर पोहोचला. हायड्रोजन काढता येत नसेल तर त्याच्या जागी ड्युटेरियम बसवता येतो, कारण त्याच्या केंद्रकाची ताकद सुमारे साडेसहा पटींनी कमी भरते. क्रोमियमचे सात आणि निकेलचा एक अणू असलेल्या वलयाकार रेणूवर २००७ साली हा उपाय करून टी२ ३.८ मायक्रोसेकंदांपर्यंत नेण्यात आला.

दुसरा उपाय आहे ताठपणाचा. रेणू जितका लवचीक, तितकी त्याची मंद कंपने अधिक, आणि तीच टी१ला खाली आणतात. व्हॅनाडिल गटातील व्हॅनेडियम आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध आखूड व मजबूत असतो. थॅलोसायनिनची चौकटही ताठ असते. म्हणूनच व्हॅनाडिल थॅलोसायनिन टायटॅनियमच्या तशाच रेणूत विरळ करून ठेवले, तर नेहमीच्या खोलीच्या तापमानालाही टी२ एक मायक्रोसेकंदाच्या जवळपास मिळतो, असे २०१६ साली इटलीतील संशोधकांनी दाखवले. खोलीच्या तापमानाला, म्हणजे हीलियमशिवाय! या विषयातील माझा सगळा उत्साह या एका निष्कर्षावर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

तिसरा उपाय अधिक सूक्ष्म आहे. काही रेणूंत विशिष्ट चुंबकीय क्षेत्राला दोन पातळ्यांमधील अंतर क्षेत्राच्या लहान बदलांनी हलतच नाही. त्याला घड्याळी संक्रमण म्हणतात, आणि होल्मियमच्या एका रेणूत त्याचा उपयोग २०१६ साली दाखवला गेला. पहिल्या प्रयोगासाठी मात्र याच्या नादी लागू नये.

पहिल्या प्रयोगासाठी माझी शिफारस व्हॅनाडिल ॲसिटिलॲसिटोनेट या संयुगाची आहे. ते टी२चा विक्रम करणारे नाही. परंतु ते पदवीच्या प्रयोगशाळेत एका दुपारी तयार होते, सेंद्रिय विद्रावकांत विरघळते आणि त्याचा वर्णपट ओळखायला चुकत नाही.

संयुग तयार करणे

व्हॅनाडिल सल्फेट पाण्यात व थोड्या एथेनॉलमध्ये विरघळवावे, त्यात ॲसिटिलॲसिटोन घालावे आणि मग सोडियम कार्बोनेटचे द्रावण थेंबाथेंबाने, ढवळत ढवळत सोडावे. घाई केल्यास कार्बन डायऑक्साइडचा फेस चंचुपात्राबाहेर येतो. निळसर हिरवा साका गाळून, धुवून, सुकवावा आणि क्लोरोफॉर्ममधून पुन्हा स्फटिकीकरण करावे. व्हॅनेडियमची संयुगे विषारी आहेत. हातमोजे आणि धूरकपाट यांना पर्याय नाही.

आता गोव्यातील दोन खास अडचणी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो की गाळणकागदावर उघडे ठेवलेले कोणतेही संयुग नीट सुकत नाही. शिवाय हे संयुग हवेत, विशेषतः द्रावणात, हळूहळू ऑक्सिडीकृत होते. हिरव्या-निळ्यात तपकिरी छटा दिसू लागली की समजावे. व्हॅनेडियमचा एकटा इलेक्ट्रॉन गेला की क्यूबिटच गेला, आणि संकेताची उंची कमी झाली तरी त्याचा आकार तसाच राहत असल्याने हे नुकसान सहज लक्षात येत नाही. म्हणून स्फटिक निर्वात शोषकपात्रात, ताज्या सिलिका जेलवर ठेवावेत आणि नमुना शक्यतो त्याच आठवड्यात वापरावा.

दुसरी अडचण लाल मातीची. एका विद्यार्थिनीच्या वर्णपटात ०.१५८ टेस्लाच्या आसपास एक रुंद, अनाहूत शिखर आले होते. तिने ते नव्या संयुगाचे समजून दोन दिवस गणिते मांडली. हे शिखर ४.३ या जी-मूल्याचे (संकेत कोणत्या क्षेत्राला येईल ते ठरवणारा आकडा), तीन धन भार असलेल्या लोहाचे असते आणि ईपीआर करणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी भेटतेच. तिचे घर डिचोली तालुक्यातील खाणपट्ट्यात. पण धूळ घरून आलेली नव्हती, खिडकीला लागून असलेल्या आमच्या तराजूच्या टेबलावरची होती. टेबल ओल्या फडक्याने पुसून, नमुना नव्या स्पॅच्युलाने घेतल्यावर शिखर नाहीसे झाले. आपल्या मातीत लोहाबरोबर मँगनीजही असते, आणि त्याच्या दोन धन भाराच्या आयनाच्या सहा रेषा नेमक्या आपल्या संकेताच्या भागातच उमटतात. लोखंडी स्पॅच्युला वापरू नये, प्लास्टिकची वापरावी. नळीही साध्या काचेची नको, कारण तिच्यातही लोह असते. क्वार्ट्झचीच हवी, बाहेरून ४ मिलिमीटर व्यासाची.

नमुना विरळ करणे आणि गोठवणे

नवख्या माणसाला वाटते की पदार्थ जितका जास्त, संकेत तितका चांगला. टी२च्या बाबतीत हे उलटे आहे. दोन इलेक्ट्रॉन स्पिन जवळ आले की एकमेकांची कला बिघडवतात, म्हणून रेणू एकमेकांपासून दूर ठेवावे लागतात. द्रावणात १ मिलिमोलर संहती हा चांगला आरंभ आहे. या संयुगाचा रेणुभार सुमारे २६५ असल्याने १० मिलिलिटर द्रावणासाठी केवळ २.६५ मिलिग्रॅम लागतात. एवढे थोडे वजन नीट करणे अवघड असते. आधी दसपट संहत द्रावण करून ते विरळ करावे.

विद्रावक म्हणून टोल्युईन आणि क्लोरोफॉर्म यांचे समप्रमाणातील मिश्रण घ्यावे. नुसता एखादा विद्रावक गोठताना स्फटिकरूप झाला, तर विरघळलेले रेणू स्फटिकांच्या फटींत गोळा होतात आणि आपण केलेले विरलन वाया जाते. मिश्रण मात्र काचेसारखे गोठते. नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर आतील द्रव्य पारदर्शक राहिले तर ठीक. दुधाळ झाले तर ते वितळवून पुन्हा, अधिक वेगाने गोठवावे. द्रव नायट्रोजन ही दुर्मीळ वस्तू नव्हे. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय केंद्रेही तो वापरतात.

विरघळलेला ऑक्सिजन काढणे ही यातील शेवटची पायरी, आणि तीच बहुतेक जण गाळतात. ऑक्सिजनच्या रेणूवर दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे तो स्वतःच एक चुंबकीय उपद्रव आहे. नळी गोठवावी, निर्वात पंपाला जोडावी, बंद करून वितळवावी, आणि हे तीन वेळा करून मग ज्योतीने नळीचे तोंड बंद करावे. नळी द्रव नायट्रोजनमध्ये असताना ती हवेला उघडी राहू देऊ नये, कारण आत द्रव ऑक्सिजन साचतो आणि पुढे स्फोट होऊ शकतो. हे काम पहिल्यांदा करताना शेजारी अनुभवी माणूस असलाच पाहिजे.

मोजणी

स्पंद-ईपीआर यंत्र जवळपास नसेल तर निराश होऊ नये. देशभरातील यंत्रांची माहिती आणि आरक्षण यांसाठी आय-स्टेम हे सरकारी संकेतस्थळ आहे. आयआयटी मुंबईच्या सैफ या विश्लेषण-उपकरणांच्या केंद्रात बाहेरच्या संस्थांचे नमुने ईएसआरसाठी घेतले जातात. अर्ज आपल्या महाविद्यालयाच्या किंवा विभागाच्या शिक्षकांमार्फत करावा. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: मोजणी अखंड लहरीची (सूक्ष्मलहर सतत सोडून) हवी की स्पंदाची, तापमान कोणते हवे आणि विद्रावक कोणता आहे. अखंड लहरीचे यंत्र सर्वत्र सापडते, स्पंदाचे मोजक्याच ठिकाणी, म्हणून हा प्रश्न फोनवर आधीच विचारून घ्यावा.

प्रथम खोलीच्या तापमानाला, द्रवरूपातच, अखंड लहरीचा वर्णपट घ्यावा. व्हॅनेडियम-५१च्या केंद्रकाचा स्पिन सात-द्वितीयांश असल्याने एका रेषेच्या आठ रेषा होतात, एकमेकींपासून सुमारे १० मिलिटेस्लांवर. त्या आठही मोजून घ्याव्यात. त्या नाहीत, किंवा पसरून एकच ढेकूळ दिसते, तर द्रावण फार संहत आहे. क्षेत्राची खूणगाठ पटवण्यासाठी डीपीपीएच या पदार्थाचा नमुना बरोबर ठेवतात. त्याचे जी-मूल्य २.००३६ आहे.

गोठवलेल्या नमुन्यात चित्र अधिक गुंतागुंतीचे होते, कारण रेणू सर्व दिशांना तोंड करून थिजलेले असतात. त्याचे विश्लेषण ईझीस्पिन या विनामूल्य साधनाने करता येते, मात्र त्यासाठी मॅटलॅब ही गणनप्रणाली लागते. त्यानंतर ज्या क्षेत्राला संकेत सर्वांत उंच आहे तेथे थांबून हान प्रतिध्वनी मोजावा, दोन स्पंदांमधील अंतर वाढवत न्यावे आणि घटणाऱ्या संकेताला घातांकी वक्र बसवावा. कधी कधी वक्रावर लहान लहान लाटा दिसतात. तो यंत्राचा दोष नसून भोवतालच्या हायड्रोजन केंद्रकांची सही असते.

पुढचे टप्पे येथे केवळ नोंदवून ठेवतो. दोन क्यूबिट जोडायचे तर दोन स्पिनांमधील द्विध्रुवी परस्परक्रिया १ नॅनोमीटरवर सुमारे ५२ मेगाहर्ट्झ आणि २ नॅनोमीटरवर ६.५ मेगाहर्ट्झ असते, हा आकडा लिगंडची लांबी ठरवताना हाताशी ठेवावा. एकाच रेणूचा स्पिन वाचण्याचे काम फार कठीण आहे. टर्बियमच्या एका रेणूवर विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने ते साधले आहे आणि २०१७ साली त्याच रेणूच्या केंद्रकावर ग्रोव्हर यांची शोध-पद्धती, म्हणजे क्वांटम संगणकासाठीचा एक प्रसिद्ध अल्गोरिदम, चालवून दाखवण्यात आली. २०२० साली क्रोमियमच्या रेणूंचे स्पिन प्रकाशाने वाचता आले. संगणक म्हणून रेणू आज अतिवाहक परिपथांच्या बरेच मागे आहेत, हे नवशिक्याला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. माझ्या मते त्यांचा उपयोग आधी संवेदनासाठी होईल, कारण रेणू मोजायच्या वस्तूला अक्षरशः चिकटवून ठेवता येतो आणि एकाच बाटलीतील अब्जावधी रेणू हुबेहूब सारखे असतात.

पहिली मोजणी हाती आल्यावर लगेच दुसरी नळी तयार करावी. संयुग तेच, संहती तीच, तापमान तेच. फक्त विद्रावकांच्या जागी ड्युटेरियमयुक्त टोल्युईन आणि ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म घ्यावे. दुसरे बहुतेक रसायनशास्त्र विभागांत एनएमआरसाठी ठेवलेलेच असते, पहिले मागवावे लागते. दोन्ही घटते वक्र एकाच आलेखावर काढावेत. दुसरा बहुधा अधिक सावकाश उतरताना दिसेल, आणि दोन टी२मधील तो फरक वहीत दिनांकासह, नळीच्या क्रमांकासह लिहून ठेवावा.